बेलिफचा अहवाल

हळ्ळीच्या पुढं एसटी पंक्चर झाली,
खरं तर अहवाल तिथूनच सुरू होतो,
पण नाझरसाहेबांना पंक्चर चालत नाही.
त्यांना वेळ लागते, दोन पंच लागतात
आणि घराच्या चतुःसीमा.

वाढवण्यात उतरलो तेव्हा
चिंचेच्या शेंड्यावर बोटभर ऊन होतं.
खाजासाब नदाफ, गादीवाला, वय अंदाजे पन्नास.
देणं नांदेडच्या रुईवाल्या शेठचं.
मुद्दल, व्याज, दाव्याचा खर्च,
सगळ्याची मिळून एक घडी माझ्या वरच्या खिशात.

पंच म्हणून आलेला कोतवाल उन्हाकडं बघत म्हणाला,
"लोहकरे, आटपा. अजून दिसतंय."

दार नुसतं लोटलेलं. ढकललं असतं तर उघडलं असतं.
तेवीस वर्षांत मी कुणाचं बाहेरचं दार ढकललेलं नाही.
हाक मारतो.
सांगतो, आत बाया असतील तर बाजूला व्हा,
घाई नाही, थांबतो.
हे कायद्यातच लिहिलंय,
लोक उगाच माझा चांगुलपणा समजतात.

आतून आवाज आला,
"जरा ठैरो भाई. वो नमाजकू गये. मैं चादरां उठाती."
ती चादरी उचलत होती
आणि मगरिबची बांग झाली.

बांग झाली म्हणजे दिवस बुडाला.
मशिदीचं घड्याळ आणि दिवाणी संहितेचं
एवढ्या एका ठिकाणी जुळतं.
वॉरंट घडी करून पिशवीत घातलं.
पंच घरी गेले. शेवटची गाडी तर केव्हाच गेली होती.

खाजासाब आला, टोपी काढून उभा राहिला.
म्हणालो, आता उगवेपर्यंत मला आत यायची मनाई आहे.
तो म्हणाला, "वॉरंटला मनाई हाय ना.
तुमाला कोण अडवतंय? भाकरी झालीय."

पिशवी बाहेरच्या खुंटीला लावली.
मग आत गेलो.

जेवताना डोळे ऐकत नाहीत, जित्याची खोड.
तवा, परात, डेगची : स्वयंपाकाची भांडी, हात लावायचा नाही.
गोधड्या, दोरीवरचे कपडे : नाही.
भिंतीवर आजाची पिंजण, तात अजून ताणलेली.
कारागिराचं हत्यार, नाही.
तिच्या खाली मोटारीवरची मशीन.
हत्यार का यंत्र?
उदगिरात या एका प्रश्नावर
दोन वकिलांनी स्लॅब टाकलेत.
टीव्ही, बत्तीस इंची :
अंबाडीच्या भाजीचा घास घशातच थांबला.
पोरीनं आवाज बारीक केला,
मला वाटलं माझ्यासाठी.
तिची मालिका संपली होती.

खाजासाबनं एकच विचारलं.
"कोपऱ्यातल्या पाच गाद्या गिऱ्हाइकाच्या हायत,
लग्नाची ऑर्डर. त्या तर न्हाई ना नेणार?"
दुसऱ्याचा माल तुझ्या नावावर कसा नेईन, म्हणालो.
तेव्हा कुठं त्यानं स्वतःला भाकरी घेतली.

झोपायला ओट्यावर मला जुनी गादी दिली.
नव्या परक्या होत्या.

सकाळी कोतवाल आला तेव्हा
टीव्ही ओट्यावर आणून ठेवलेला,
ओल्या फडक्यानं पुसलेला,
वायर गुंडाळून वर रबर लावलेलं.
रिमोटमधले सेलसुद्धा काढले नव्हते.
मी घरात पाऊलही टाकलं नाही.
गरजच पडली नाही.

पंचनामा :
टीव्ही एक, रिमोट एक.
ऋणकोने विरोध केला नाही.
पिंजण व मशीन, कारागिराची हत्यारे म्हणून सोडली.
मशीनच्या जागी हात थोडा अडला, तरी लिहिलं.
शेठचा वकील भांडेल. भांडू दे.
भाजीचं कुठं लिहायचं, असा रकाना नाही.

उदगिरात नाझरसाहेबांनी कागद वाचला,
शिक्का मारला, चष्म्यावरून बघितलं.
माझ्या खांद्यावरचा कापसाचा पिंजर
दोन बोटांनी उचलला,
आणि टाकायला जागा सापडेना
म्हणून तसाच धरून बसले.